थकलेल्या बॅटरीची दवा

बाबा,

तुमच्या त्या काचेच्या नळीवर विश्वास ठेवला आणि माझी सगळी अंडी मेली. पहिली ओळ हीच लिहायची होती, लिहून टाकली. तुम्ही कसे आहात वगैरे विचारण्यात अर्थ नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की समुद्रपूरच्या आपल्या दुकानासमोरचं कडुलिंबाचं झाडसुद्धा आता उभं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, हे तुम्हाला कशाला सांगू, शाळेतून तुम्हीच काढलं. बोलताना मी आपलं वऱ्हाडीच बोलते, पण कागद पुढे आला की हात अजूनही गुरुजींना भितो आणि पुस्तकातल्यासारखं लिहायला बघतो. चुकलं तर चुकलं. तपासायला कोणी येणार नाही.

आम्ही आता शेतातच राहतो, माझे मालक, म्हणजे तुमचे जावई, आणि मी. गावापासून आत, डोंगराकडे. विजेचे खांब नाल्याच्या अलीकडे येऊन थांबले ते थांबलेच. दर निवडणुकीला कोणीतरी येतो, नाल्याकडे बोट दाखवतो आणि परत जातो. शेवटी मी म्हटलं, खांबाची वाट पाहत म्हातारी व्हायची नाही. छपरावर सोलारचे पॅनल बसवले आणि अंडी उबवायची मशीन आणली. मशीन म्हणजे कपाटाएवढी पेटी. आत कॉइल तापते, लहानसा पंखा फिरतो, ट्रे हळूच कलतात. कोंबडीचं सगळं काम, फक्त कोंबडी नाही. आमच्या बचत गटाच्या बायका आपापल्या घरची गावरान अंडी आणून देतात, कोळशानं खूण करून. कोणाची फुली, कोणाचे ठिपके, एकीची चंद्रकोर. पिल्लं निघाली की थोडी माझी, बाकीची ज्याची त्याला. ऊन असतं तोवर मशीन पॅनलवर चालते. सूर्य गेला की सगळा भार बॅटरीवर. आणि सूर्य गेला हे आतल्या अंड्याला कळता कामा नये, एवढंच या धंद्याचं शास्त्र.

तर बॅटरी निवडायची होती. मालक म्हणाले, वर्ध्याला जाऊन दोन-चार दुकानांत विचारू. मी म्हटलं, मी बॅटरीवाल्याची लेक, मले कोनाले विचाराची गरज काय? आणि खरंच नव्हती. सोलारवर ट्रकची बॅटरी लावायची नाही, हे मला लोकांच्या छपरांवर सोलार यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा गावोगावी लोक रविवारी टीव्ही बघायला बॅटरी भरून न्यायचे, आणि एक जण हट्टानं ट्रकची मागत होता. तुम्ही म्हणाला होता, "ट्रकच्या बॅटरीले येक झटका माराचा रायते, मंग दिवसभर आराम. रातभर पानी भराले पयलवान नाई लागत, बाई लागते." पयलवानाच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. बाईच्या जाड, थोड्या, आणि सोसणाऱ्या. तो माणूस हसला होता, मीही हसले होते. किती अभिमान वाटायचा मला तुमच्या बोलण्याचा.

दुकान आत्ता डोळ्यांसमोर आहे. सकाळी तुम्ही शटर अर्धं वर करता, बुद्धाच्या फोटोपुढे उभे राहता, आणि पंचशील म्हणता. मी मागे मागे म्हणते. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. मग शटर पूर्ण वर जातं. भिंतीला लागून बॅटऱ्या ओळीनं बसलेल्या, झाकणं उघडी, आत बुडबुडे फुटतात आणि घशात खरखर करणारा वास दुकानभर. माझ्या नाकाला मायचं जुनं लुगडं फाडून बांधलेलं. खिळ्याला दोन वस्तू टांगलेल्या असतात. एक ग्रॅव्हिटी बघायची नळी: वर रबराचा फुगा, पोटात तरंगता काचेचा काटा, त्यावर लाल, पिवळा आणि हिरवा पट्टा. बॅटरीतलं पाणी ओढून घ्यायचं, काटा हिरव्यावर तरंगला की बॅटरी भरलेली. दुसरी वस्तू म्हणजे ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब, लाकडी फळीवर ठोकलेला, दोन वायरी आणि टोकाला चिमटे. भंगारवाला किंवा एखादा ड्रायव्हर जुनी बॅटरी विकायला आला की तुम्ही बल्ब काढता, चिमटे लावता, आणि चहा मागवता. बोलत काहीच नाही. एक पाय दुमडून, कप गुडघ्यावर ठेवून बल्बाकडे बघत बसता. तो पिकल्या केळीसारखा पिवळा पडला की म्हणता, "पाह्य, हिच्यात जीव नाई. भंगाराच्या भावानं दे." माणूस निमूट देऊन जातो.

आणि मग त्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात. तुम्ही त्या धुऊन घेता, भरायला लावता, आणि दोन दिवसांनी मला हाक मारता. "पोट्टे, थकली हाये बिचारी. दवा दे तिले." दवा म्हणजे निळ्या बरणीतलं अॅसिड. काचेच्या नळकांड्यानं एकेका कप्प्यात थोडं थोडं सोडायचं. तुमची बोटं जाड, माझी बारीक, म्हणून ते काम माझं. मी किती जपून करायचे, बाबा. एखाद्या तान्ह्याला बाळकडू पाजावं तसं. मग तुम्ही नळी लावायचे आणि काटा लालावरून चढत हिरव्यावर जायचा. "पाह्य," तुम्ही म्हणायचे, "तुह्या हाताले गुन हाये." त्या एका वाक्यासाठी मी शाळा सुटली तरी रडले नाही. धाकटा भाऊ दप्तर घेऊन जायचा आणि मला वाटायचं, जाऊ दे, याच्या हाताला कुठे गुण आहे. दवा देताना अंगावर शिंतोडे उडायचे. त्या दिवशी फ्रॉकला काहीच दिसायचं नाही. माय धुवायला घेई तेव्हा भोकं पडायची. नदीवर उभी राहून ती तुमच्या नावानं ओरडायची, "पोरगीचं अंग झाकाचं का चाळनी घालाची?"

एकदा आपल्याच विहारातला माणूस आला. जयंती जवळ आली होती, लाउडस्पीकरला बॅटरी पाहिजे होती. तुम्ही दवा दिलेली एक काढली, नळी लावली, हिरवं दाखवलं. मला वाटलं, विहाराची बॅटरी, आणखी पक्कं दाखवावं. मी स्टुलावर चढून बल्ब काढला आणि म्हटलं, "थांबा, लावून दाखवतो." तुम्ही माझ्या हातावर अशी चापट मारली की चिमटा खाली पडला. "ठेव तो! गिऱ्हाइकासमोर बल्ब काढाचा नाई!" तो माणूस म्हणाला, जाऊ द्या, लहान आहे. मला वाटलं, बल्ब फुटेल म्हणून तुम्ही रागावलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही वर्ध्याहून माझ्यासाठी टेरेलीनचा फ्रॉक आणला, निळा, पांढऱ्या कॉलरचा. टेरेलीन अॅसिडला दाद देत नाही, हे तुम्ही कोणाला तरी विचारून आला होता. मायसुद्धा त्या दिवशी गप्प बसली. तो फ्रॉक मी आखूड होईपर्यंत घातला, आणि आखूड झाल्यावरही घातला.

आता परवाची गोष्ट. दुकान तुम्ही धाकट्याला दिलं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवते: काम माझं आणि पाटी त्याची. असो. मी त्याच्याकडेच गेले. तो मला बाईच म्हणतो अजून. म्हणाला, "बाई, तुले मी परका हावो का? घरची वस्तू हाये, सोलारचीच हाये." दोन उंच बॅटऱ्या पुढे ओढल्या. जाड प्लेटांच्या, नळ्यांच्या, ज्यांना आता ट्युबलर म्हणतात. उचलून बघितल्या, वजन होतं. वरची तारीख घासलेली दिसली. "धुतांनी गेली," तो म्हणाला. आणि त्यानं ती नळी काढली. तुमचीच नळी, रबराचा फुगा तेवढा नवा. काटा हिरव्यावर. बस. मी पुढे एक शब्द विचारला नाही. जी बाई बाजारात वांग्याला चार वेळा उलटंपालटं करते, तिनं हिरवा पट्टा बघितला आणि मान हलवली. तुमचा खिळा, तुमची नळी, तुमचा लेक. अजून काय बघायचं होतं?

सुरुवातीला छान चालल्या. घरात दिवे लावले, पंखा लावला, मालक रेडिओ ऐकत बसले. मग अंडी मशीनमध्ये घातली. फुटायला दोन-तीन दिवस राहिले होते तेव्हा मी एक अंडं कानाला लावलं, तर आतून टकटक. बाबा, मला मूल झालं तेव्हासुद्धा मी इतकी हसले नसेन. मालकांना म्हटलं, ऐका. त्यांनी ऐकलं आणि ते अंडं हातातून खालीच ठेवेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, पेटीला हात लावला, गार. थंडीचे दिवस, आणि मशीन आमच्या झोपेत कधीतरी बंद पडलेली. पॅनलवर ऊन येईपर्यंत मी आणि मालक गोधड्या टाकून बसलो. काही उपयोग झाला नाही. मग मी ती अंडी एकेक करून फोडली, कारण मला बघायचंच होतं. पिसं आली होती. काहींनी कवचाला आतून चोच मारून बारीक तडा पाडला होता. तडा होता, टकटक नव्हती. फोडलेल्या कवचांवर फुल्या, ठिपके, चंद्रकोर, आणि प्रत्येक खुणेमागची बाई मला दिसत होती.

मग मी बॅटरीचं झाकण उघडलं. तळाला तपकिरी गाळ, प्लेटांची साल गळून पडलेली. मेलेली बॅटरी. धाकट्यानं माझ्याजवळ एक दुसरी नळी देऊन ठेवली होती, ती लावली. काटा हिरव्यावर. मी फुगा दाबला, परत ओढलं. हिरवाच. बॅटरीत जीव नव्हता, मशीन गार होती, अंडी मेली होती, आणि काटा हिरव्यावर तरंगत होता. तो तीच खबर देत होता जी देण्यासाठी त्याला कोणीतरी तयार केलं होतं. माझ्या नाकात तो वास गेला, घशात खरखर झाली, आणि मला कळलं. दवा.

बायकांना सांगायला मीच गेले, कोणाला पाठवलं नाही. कोणी रागावलं, कोणी पाठ फिरवली. चंद्रकोरवाली मावशी, जिच्या तोंडाला तुम्हीही भ्यायचे, ती आता काठीवर चालते पण जीभ तशीच. म्हणाली, "बॅटऱ्या कोठून आनल्या व?" मी म्हटलं, भावाच्या दुकानातून. "म्हंजे तुह्या बापाच्याच," ती म्हणाली. "बाप्पा! त्याच्या बॅटरीनं त जयंतीले बोलनाऱ्याचं तोंड उघडंच ठेवलं होतं. मानूस हात वर करून उभा आनि भोंगा मेला. लेकरं हासत सुटली. त्या दिवसापासून आमच्याइकडं लवकर मरनाऱ्या कोंबडीले तुह्या बापाचं नाव देत." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. मग एकदम आठवलं. तीच जयंती. तीच बॅटरी. बल्ब काढायला मी ज्या दिवशी स्टुलावर चढले होते ती.

धाकट्याकडे दुकानात गेले तेव्हा तो जेवून सुपारी कातरत बसला होता.

"काय देलं बे तू मले?"

"काऊन, काय झालं?"

"दवा टाकून देली का?"

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तो म्हणाला, "थोडीशीच टाकली होती, बाई. जुन्या होत्या, पन इतक्या लवकर जातीन असं नव्हतं वाटलं."

"सख्ख्या बहिनीले?"

"तू त नळी पाह्यली ना! समोर उभी होती. काई बोलली नाई. मले वाटलं, बाईले समजते, चालवून घेऊन राह्यली. घरचा मामला हाये, मंग पुढं बदलून देऊ."

"मले काय समजते?"

आता तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी भरल्या ताटावर बसून जेवण कुठे आहे असं विचारते आहे. "दवा म्हंजे काय, हे. तूच त शिकवली मले! शायेतून आलो की तू मले निया बरनीपाशी बसवे. बाबा तुले सांगे आनि तू मले सांगे, जपून टाक, थकली हाये बिचारी." आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुले खरंच मालूम नव्हतं?"

बाबा, ते विचारताना त्याच्या तोंडावर दया होती. मी त्याला हाणायला गेले होते आणि तो माझी कीव करत होता. अॅसिड वाढवलं की काटा वर चढतो, बॅटरी नाही चढत. उलट त्या अॅसिडनं उरलेल्या प्लेटा लवकर खंगतात. हे त्याला माहीत होतं, समोरच्या चहावाल्याला माहीत होतं, मावशीला माहीत होतं. त्या दुकानात ज्या एका माणसाला ते औषध वाटत होतं, ती मी. हाताला गुण असलेली.

मी वर बघितलं. खिळ्याला अजून बल्ब टांगलेला. फळी काळी पडली, चिमटे गंजले. आणि तेव्हा मला तुमचा चहा आठवला. विकायला आलेल्याची बॅटरी तुम्ही बल्बावर बघायचे, तास-तास. घ्यायला आलेल्याला तुम्ही नळी दाखवायचे, क्षणभर. बल्ब तुमच्यासाठी, नळी गावासाठी. खरं काय हे बघायची सोय तुमच्या हाताशी होती, रोज होती, आणि ती गिऱ्हाइकासमोर खिळ्यावरून काढायची नाही असा नियम होता. म्हणजे तुम्हाला एखादी गोष्ट माहीत नव्हती, म्हणून चूक झाली, असं मी आता स्वतःला सांगूही शकत नाही. तेवढी जागासुद्धा तुम्ही ठेवली नाही. लोकांना फसवलं ते फसवलं, दुकानदार होता, भंगाराचं सोनं करायचं होतं. पण माझ्या हातानं का केलं? आणि मला दवा सांगून का केलं? "चोरी आहे, गुपचूप कर" असं म्हटलं असतं तर मी केलंच असतं, तुमच्यासाठी काहीही केलं असतं. निदान आज मला कळलं तरी असतं. फ्रॉकला भोकं धुतल्यावर पडतात हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांनी धुतल्यावरही पडतात, हे नव्हतं.

स्टुल ओढलं आणि बल्ब काढून घेतला. धाकटा म्हणाला, "ते कायले नेऊन राह्यली? भंगार हाये." मी म्हटलं, "ह्या दुकानात तेवढीच येक चीज भंगार नाई." बॅटऱ्या त्यानं परत घेतल्या, कुरकुर न करता. जाताना म्हणाला, "बाई, रुसू नको, येजो." मी मागे बघितलं नाही. आजवर गेलेही नाही.

मग वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेला एका दुकानात गेले. माझ्याच वयाचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, बापाचं दुकान चालवणारा. पहिल्यांदा त्यानं लिथियमची काढली. लहानशी पेटी, एका हातानं उचलली.

"ताई, हीच घेऊन टाका. पाणी टाकायची कटकट नाही, वास नाही, वजन नाही."

"आत काय हाये ते दिसते का?"

"उघडता नाही येत. पण मोबाइलवर सगळं दिसतं ना. पूर्ण भरली की हिरवी पट्टी येते."

"हिरवी येते?"

"हो, एकदम हिरवी."

"मंग नको."

त्याचं चुकीचं नव्हतं, हेही लिहून ठेवते. ती बॅटरी जवळजवळ तळापर्यंत उपसता येते, पुष्कळ वर्षं टिकते, हे मला मालकांच्या पुतण्यानं समजावलं होतं. पण आतला बोर्ड बिघडला तर आमच्या नाल्यापलीकडे कोण येणार, आणि जिचं पोट उघडून बघता येत नाही तिच्याशेजारी आता मला झोप लागणार नाही. मी ट्युबलरच मागितली. तुम्ही असता तर हसला असता, कारण मी मग तुमच्यासारखीच बोलायला लागले. म्हटलं, सोलारची खरी दाखव, इन्व्हर्टरची सोलार म्हणून देऊ नको. एकाच आकड्याच्या दोन असतात. एक वीस तास हळूहळू उपसून मोजलेली, ती कागदावर मोठी दिसते. दुसरी दहा तासांत उपसून मोजलेली, तिचा आकडा खरा. मला दहाची पाहिजे. आणि जोडी एकाच खेपेची पाहिजे, तारीख न घासलेली, कारण जोडीतली एक थकली की ती दुसरीलाही ओढते. आणि मी निम्मीच उपसणार, विहिरीसारखी, तळाच्या गाळाला हात लावणार नाही, म्हणून आकार थोडा मोठा दे. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. नळी काढायला वळला.

"नळी राहू दे," मी म्हटलं आणि पिशवीतून बल्ब काढला.

"अहो ताई, नव्या बॅटरीला कोणी ट्रकचा बल्ब लावतं का? माझ्याकडे मीटर आहे."

"तुह्या मीटरले तू ओळखतं. मी ह्याले ओळखतो. लाव."

त्यानं हसत हसत लावला. मी पायरीवर बसले. त्यानं चहा मागवला, मी प्यायले. गिऱ्हाइकं आली, गेली, माझ्याकडे आणि त्या काळ्या फळीकडे बघून गेली. ऊन पायरीवरून रस्त्यावर उतरलं. बल्ब पांढराच. मग दुसरीला लावला. तोही पांढराच. मी एक शब्द न बोलता, चहा पीत, बल्बाकडे बघत बसले होते, आणि मधेच मला जाणवलं की मी कशी बसले आहे. एक पाय दुमडून, कप गुडघ्यावर. मला एकदम उठावंसं वाटलं. उठले नाही.

बॅटऱ्या आता पेटीपासून लांब, हवेशीर पडवीत आहेत, कारण त्यांचा वास पिल्लांना बाधतो. पहिला चार्ज मी सावकाश दिला. डिस्टिल पाणी आणून ठेवलं आहे, अॅसिडची बरणी घरात येणार नाही. मावशीनं परत अंडी दिली, चंद्रकोर काढून. म्हणाली, "ह्या बारी मारशीन त मी तुहंच नाव कोंबडीले ठेवीन." मशीन चालू आहे. मी रोज उठल्यावर आधी पेटीला हात लावते, मग तोंड धुते. पाठीवर हात ठेवावा तशी ऊब लागते. पिल्लं निघतील की नाही ते अजून ठरायचं आहे.

तुम्हाला माफ केलं असं लिहिण्यासाठी हा कागद घेतलेला नाही. केलेलं नाही. नळीकडे बघून मान हलवणारे ते सगळे लोक, आणि तोंड उघडं राहिलेला तो बोलणारा, त्यांच्या वतीनं माफ करणारी मी कोण. आणि माझ्या वतीनं, अजून नाही. हा कागद मी कुठे टाकणार? पडवीत खिळा ठोकला आहे, त्यावर बल्ब आहे. त्याच्या फळीमागे खोचून ठेवीन, पाली येतील, खातील.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बॅटऱ्या ऑटोत चढवताना त्या दुकानदारानं बल्ब मला परत दिला आणि म्हणाला, "ताई, चाळीस वर्षं या धंद्यात असलेल्याला इतकं नाही समजत. कुठे शिकलात?" मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं, दवा, निळी बरणी, चापट, भोंगा. आणि मी म्हटलं, "माह्या बापानं शिकवलं. समुद्रपूरले दुकान होतं त्याचं. लय इमानदार मानूस होता."

तो म्हणाला, "दिसतंच आहे."

मी हो म्हटलं आणि ऑटोत बसले.